साडेचारला फाटक लावण्याआधी

प्रति,
मा. अध्यक्ष, मा. सचिव आणि सर्व संचालक,
मा. प्राचार्य,
महाविद्यालय विकास समितीचे सर्व सदस्य

सादर नमस्कार.

गेल्या महिन्यात एका सोमवारी रात्री माझ्या भाचीनं मला एका नोटिशीचा फोटो पाठवला. कॉलेजच्या पोर्चमधल्या काचेच्या फलकात लावलेली, प्राचार्यांच्या सहीची नोटीस. येत्या १ तारखेपासून साडेचारनंतर विद्यार्थ्यांनी आवारात थांबायचं नाही. यंदा एकांकिका स्पर्धेला संघ पाठवला जाणार नाही. स्नेहसंमेलन एकाच दिवसाचं होईल आणि त्याचं काम बाहेरच्या एजन्सीकडे राहील. भित्तिपत्रकाचा मजकूर आठ दिवस आधी कार्यालयात जमा करायचा. आणि सगळ्यात खाली एक ओळ: खुल्या रंगमंचाची जागा दुचाकींच्या पार्किंगसाठी घेण्यात येत आहे.

फोटोखाली भाचीनं एक शब्दही लिहिला नव्हता. ती बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. यंदा पहिल्यांदा तिला एकांकिकेत काम मिळालं होतं, चार वाक्यांचं. ती चार वाक्यं ती स्वयंपाकघरात, अंगणात, गोठ्यात म्हणत फिरायची, हे मला बहिणीनं सांगितलं होतं.

मी आधी रीतसर अर्ज दिला, पोच घेतली. ‘हा संस्थेचा अंतर्गत विषय आहे’ एवढंच उत्तर आलं. आमच्या तालुक्यात असं घर सापडणं अवघड आहे, ज्यातलं कुणी ना कुणी या कॉलेजात शिकलेलं नाही. त्या कॉलेजचं फाटक किती वाजता लागतं हा आम्हा सगळ्यांचा विषय आहे. म्हणून हे उघड पत्र.

मी या कॉलेजात २००३ ते २००६ अशी तीन वर्षं होते, वाणिज्य शाखेत. गाव चौदा किलोमीटरवर. वडील साखर कारखान्यात हंगामी कामगार. घरातून कॉलेजला जाणारी मी पहिली मुलगी, आणि ‘तास संपला की पहिल्या गाडीनं घरी’ या बोलीवरच मला पाठवलं होतं. आज मी एका पतसंस्थेत लेखापाल आहे. लोक समजतात मी हिशोब वर्गात शिकले. खतावणी वर्गात शिकले, हे खरं. पण दहा माणसांकडून वेळेवर काम करून घेणं, पैसे कमी असताना आधी काय आणायचं ते ठरवणं, चूक झाली तर ‘माझी झाली’ म्हणणं, हे मी संध्याकाळी पाच ते साडेसात या वेळात शिकले. ज्या वेळेला आता आपण कुलूप घालताय, त्याच वेळेत.

त्या वेळेची एक वही माझ्याकडे आहे. दोनशे पानी लाँगबुक, पुठ्ठा सुटलेलं. मी पहिल्या वर्षाला असताना एका मुलीचे वडील कॉलेजात आले होते. मुलगी तालमीहून रात्री नऊला घरी पोचली म्हणून ते संतापले होते, आणि त्यांचं बरोबर होतं. आमच्या मराठीच्या सरांनी त्यांची माफी मागितली. पण तालीम बंद केली नाही. दुसऱ्या दिवशी ते ही वही घेऊन आले आणि माझं अक्षर बरं म्हणून माझ्याकडे दिली. रकाने सरांनी स्वतः पट्टीनं आखले होते: नाव, गाव, आल्याची वेळ, निघाल्याची वेळ, कोणती गाडी किंवा कोण सोडायला, आणि शेवटचा रकाना ‘पोचल्याचा निरोप’. तेव्हा मोबाइल सगळ्यांकडे नव्हते. गावातल्या दुकानावरून नाहीतर शेजाऱ्यांच्या फोनवरून सरांच्या घरी निरोप जायचा आणि दुसऱ्या दिवशी मी तो रकाना भरायचे. एक निरोप आला नाही तर सर स्वतः मोटरसायकल काढायचे. असं दोनदा झालं. दोन्ही वेळा गाडी वाटेत बंद पडली होती. प्रत्येक दिवसाच्या पानावर सगळ्यात शेवटचं नाव सरांचं स्वतःचं असायचं.

ती वही कुठल्याही पालकाला कधीही बघता यायची. माझे वडीलही एकदा न सांगता आले. उभ्यानंच त्यांनी पाच-सहा पानं उलटली, माझी सही बघितली, समोरच्या रकान्यातली वेळ बघितली. मग सरांना एवढंच विचारलं, ‘उद्या बी हीच येळ का?’ त्यानंतर पहिल्या गाडीची बोली घरात कुणी काढली नाही.

हे मी एवढं सविस्तर सांगितलं, कारण नोटिशीत पहिलं कारण ‘विद्यार्थिनींची सुरक्षा’ हे दिलेलं आहे. ती काळजी मी हलकी मानत नाही. माझी भाची त्याच रस्त्यानं येते-जाते. गेल्या वर्षी दोन प्रसंग झाले हे सगळ्या गावाला माहीत आहे. स्नेहसंमेलनाच्या रात्री बाहेरच्या पोरांनी मारामारी केली, आणि एका मुलीचा कॉलेजपासून स्टँडपर्यंत पाठलाग झाला. आता हे दोन्ही प्रसंग नीट बघा. मारामारी झाली ती एजन्सीच्या कार्यक्रमात, डीजेसमोर, फाटक सताड उघडं असताना. मैदानावर त्या वेळी दोन शिक्षक होते. तरीही यंदाचं संमेलन पुन्हा एजन्सीलाच दिलंय आणि बंद केली ती तालीम, जिथे पंधरा मुलं आणि एक शिक्षक असतात. पाठलाग झाला तो संध्याकाळी पाचच्या आत, लख्ख उजेडात, आवाराच्या बाहेर. साडेचारला फाटक लावल्यानं तो रस्ता सुरक्षित होत नाही. सगळ्या मुली एकाच वेळी त्याच रस्त्यावर येतात, एवढंच. ज्यांची गाडी सहाची आहे त्या दीड तास स्टँडवर बसून राहतील. आज आवारात बसतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाची लैंगिक छळ प्रतिबंधाची २०१५ ची नियमावली आपल्या कार्यालयात असेलच, तक्रार समितीचा फलक तिच्याच आधारे लावलेला आहे. सुरक्षेच्या नावाखाली मुलींच्या वावरावर बंधनं येता कामा नयेत, असं ती नियमावली स्पष्ट सांगते. पुरेसा उजेड आणि भरवशाची वाहतूक या गोष्टी ती संस्थेकडे मागते. मागच्या फाटकाजवळचे दोन दिवे किती महिने बंद आहेत, हे शिपायांना विचारा.

दुसरं कारण तोंडी दिलं गेलं. पाच वर्षांत एकांकिकेला एकही पारितोषिक नाही, मग खर्च कशाला? हे वाक्य मला फार लागलं. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा भरवते. मराठी नाटकातली कितीतरी माणसं त्या स्पर्धेतून पुढे आली. २०२२ साली त्या स्पर्धेच्या परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. त्या तोडीची एकांकिका नाही, असं जाहीर केलं. पुण्यात त्यावरून खूप वाद झाला. पण म्हणून तिथल्या कॉलेजांनी आपापली नाट्यमंडळं गुंडाळली नाहीत. पुढच्या पावसाळ्यात मुलं पुन्हा तालमीला उभी राहिली. आपल्याकडे गणिताच्या पेपरात पाच वर्षं विद्यापीठात पहिला कुणी आला नाही म्हणून गणिताचा तास बंद करण्याचा विचार कुणी केलाय का?

आणि खर्च म्हणाल, तर तो कुणाच्या पैशातून होतो ते प्रवेशाच्या पावतीवर छापलेलं आहे. भाचीची पावती माझ्यासमोर आहे. जिमखाना, सांस्कृतिक उपक्रम, नियतकालिक, विद्यार्थी कल्याण, युवा महोत्सव, प्रत्येकाचं वेगळं शुल्क घेतलेलं आहे. नियतकालिकाचा छापील अंक मुलांना शेवटचा कधी मिळाला? आमच्या वेळी त्या अंकात नाव छापून आलं की घरी देवासमोर ठेवायचे. एका मुलीची कविता आली होती, तिच्या आजीला वाचता येत नव्हतं, तरी तिनं ते पान दुमडून ट्रंकेत ठेवलं होतं. आता पीडीएफ निघते, तिच्यात मान्यवरांच्या हार घालतानाच्या फोटोंची पानं जास्त आणि मुलांचं लेखन कमी. लेखापाल म्हणून सांगते, एका नावानं घेतलेला पैसा दुसरीकडे गेला तर तो दाखवावा लागतो.

भित्तिपत्रक आणि संहिता यांच्या तपासणीबद्दल थोडं. गेल्या वर्षीच्या एकांकिकेत आंतरजातीय लग्नाचा विषय होता, त्यावर कुणीतरी संस्थेत येऊन नाराजी सांगितली, हे आम्हाला माहीत आहे. स्पर्धेत उतरणाऱ्या संहितेला राज्याच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते त्या मुलांनी घेतलं होतं. सरकारच्या मंडळाला जे चाललं ते आपल्या कार्यालयाला चालू नये, असं त्यात काय होतं, ते मुलांना समोर बसवून सांगा. एकोणीस-वीस वर्षांची मुलं आहेत. मतदान करतात. नाटकात लग्नाचा प्रश्न त्यांनी मांडायचा नाही, तर कुणी मांडायचा?

प्राचार्य सर, आपण म्हणाल, उपक्रम तर वर्षभर चालूच असतात. होय, फलकावर असतात. नॅक म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी परिषद, तिच्या पाचव्या निकषात विद्यार्थ्यांच्या सहभागाची नोंद लागते, म्हणून बॅनर लागतो, दहा-पंधरा मुलांना ओळीनं उभं केलं जातं, ठिकाणाची नोंद असलेला जिओटॅग फोटो निघतो, मुलं परत तासाला जातात. गेल्या ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनी, हेच झालं. भाची त्या फोटोत आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ज्या सांगलीत प्रयोग केला आणि ज्याची आठवण म्हणून सारा महाराष्ट्र हा दिवस पाळतो, ती सांगली आपल्या जिल्ह्याचं ठिकाण. त्या दिवशी मुलांना एक प्रवेश वाचायला दिला असता तरी चाललं असतं. संलग्न कॉलेजांत नवं शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून आलं. त्यात सांस्कृतिक काम, खेळ, राष्ट्रीय सेवा योजना यांना क्रेडिट, म्हणजे श्रेयांक आहेत. म्हणजे ज्याला आपण अवांतर म्हणत होतो ते आता गुणपत्रिकेत आहे. मग गुण द्यायचे कशाचे, फोटोत उभं राहण्याचे?

रंगमंचाबद्दल लिहिताना मात्र हात जड होतो. तो काळ्या दगडाचा चौथरा पहिल्या तुकड्यांतल्या मुलांनी श्रमदानानं बांधला, हे आम्हाला प्रत्येक संमेलनात सांगितलं जायचं. त्याच्या डाव्या विंगेत खाली वाकून मी पहिल्यांदा दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारा डिमर हातात घेतला. कॉलेजच्या वायरमन मामांनी शिकवलं. दोन स्पॉट, त्यावर लावायला लाल आणि निळा जिलेटिन कागद, एवढंच आमचं सामान. ‘एकदम वर नेऊ नको, पहाट कधी बटण दाबल्यासारखी होते का?’ असं मामा म्हणाले होते. पुढे युवा महोत्सवात आमच्या संघाला बक्षीस मिळालं नाही. पण दिवे कुणाचे, असं दुसऱ्या कॉलेजच्या सरांनी येऊन विचारलं होतं. एका मुलीचे, हे कळल्यावर त्यांनी माझं नाव त्यांच्या डायरीत लिहून घेतलं.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी उभारलेलं, १९१५ सालचं पॅलेस थिएटर. लोक रस्त्यावर उभे राहून रडत होते. आपल्या संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनीही हळहळ व्यक्त केली होती, मी वाचली होती. तिथे आग लागली, ती कुणाच्या हातात नव्हती. इथे ठराव आहे, आणि तो आपल्याच हातात आहे. दुचाकींना जागा हवीच असेल तर वसतिगृहामागची मोकळी जागा पाहा. तिथे आज फक्त जुने बाक पडलेले आहेत.

अजून एक गोष्ट त्या वहीत आहे. २००५ च्या ऑगस्टची पानं. कृष्णेला पूर आला, तालीम थांबली, पण वही थांबली नाही. त्या दिवसांत तिच्यात तालमीऐवजी ‘शाळेतली छावणी’, ‘भाकरी गोळा’, ‘औषधं वाटप’ असं लिहिलेलं आहे. आम्ही पंधरा-सतरा जण सकाळी त्याच चौथऱ्यावर जमायचो. कोण कुठल्या गावचा, कुणाला पोहता येतं, कुणाच्या घरी ट्रॅक्टर आहे, कोण संकटात घाबरतं आणि कोण शांत राहतं, हे आम्हाला एकमेकांबद्दल आधीच ठाऊक होतं. रोज संध्याकाळी दोन-अडीच तास एकत्र घालवल्यामुळे ठाऊक होतं. नाहीतर अर्थशास्त्राच्या तासाला शेजारी बसणाऱ्या मुलीचं गाव मला शेवटपर्यंत माहीत नव्हतं. त्या छावणीत वेगवेगळ्या आळ्यांतल्या मुलांनी एका पातेल्यातलं वाढलं, एका पंगतीत खाल्लं. त्याआधी त्यांच्या घरांत तसं होत नव्हतं.

आता निर्णय कसा झाला त्याबद्दल. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६, कलम ९७ पाहा. महाविद्यालय विकास समितीत विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव सदस्य असतात. स्थानिक सदस्यांत एक माजी विद्यार्थी असावा लागतो. विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका १९९४ च्या कायद्यानं थांबल्या होत्या, २०१६ च्या कायद्यानं त्यांची तरतूद पुन्हा आणली. आपल्याकडे परिषद नावापुरतीही नाही. म्हणजे विद्यार्थ्यांच्या संध्याकाळीबद्दलचा ठराव झाला तेव्हा त्या टेबलाभोवती एकही विद्यार्थी नव्हता. मला याचं सगळ्यात जास्त वाईट वाटतं. आपण वाईट हेतूनं हे केलं असं मी म्हणत नाही. पण मुलांना विचारलं असतं तर सहाच्या गाडीचं पहिल्याच मिनिटाला कळलं असतं.

आमच्या मागण्या अशा आहेत.

१. साडेचारची नोटीस मागे घ्या. आवार साडेसातपर्यंत उघडं ठेवा. रोज एक शिक्षक किंवा शिक्षिका हजर, त्यांना या वेळेचा मोबदला किंवा कामाच्या तासांत सूट, आणि एक नोंदवही, शेवटच्या रकान्यासकट. मागच्या फाटकाचे दिवे याच आठवड्यात लावा.

२. एस.टी.च्या आगार व्यवस्थापकांना संस्थेच्या लेटरहेडवर पत्र द्या, पावणेआठची एक फेरी मागा. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, मुलांकडे पास आहेत, प्रवासी मिळतील. तालमीतल्या मुलांची गाववार यादी मी करून देते.

३. यंदाचा एकांकिकेचा संघ पाठवा. प्रवेशिकेची मुदत अजून संपलेली नाही.

४. रंगमंच पाडू नका.

५. सांस्कृतिक, जिमखाना आणि नियतकालिक शुल्काचा गेल्या तीन वर्षांचा जमाखर्च फलकावर लावा.

६. विद्यार्थी परिषद होईपर्यंत विकास समितीच्या बैठकीला प्रत्येक शाखेची एक मुलगी आणि एक मुलगा निमंत्रित म्हणून बोलवा, आणि संहिता किंवा भित्तिपत्रकावर आक्षेप असेल तर तो लेखी द्या.

माझ्या तुकडीतल्या आणि पुढच्या-मागच्या वर्षांतल्या नऊ जणींशी मी बोलले आहे. कुणी शिक्षिका आहे, कुणी पिठाची गिरणी चालवते, एक पोलीस दलात होती. आठवड्यातल्या संध्याकाळी आम्ही आपसांत वाटून घेतल्या आहेत. आवारात बसू, मुली गाडीत बसेपर्यंत थांबू. यासाठी आम्हाला मानधन नको, ओळखपत्र द्या. मंगळवार आणि शुक्रवार माझे.

विकास समितीची पुढची बैठक कधी आहे ते कळवा. वही घेऊन येते.

आपली नम्र,
एक माजी विद्यार्थिनी
वाणिज्य शाखा, २००३–०६